घरी छोटं लेथ आणलंय, आता शिकायचं कसं? आणि मिलिंग मशीन कधी घ्यायचं?

दुर्बीणवाला
नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहतो, नोकरी कॉम्प्युटरवरची, पण डोकं सगळं आकाशात. दोन वर्षांपूर्वी सहा इंची आरसा स्वतः घासला (फोकल लेंथ 1200 मिमी), दुर्बीण उभी राहिली, शनीची कडी दिसली, सोसायटीतली सगळी पोरं गच्चीवर येऊन बघून गेली. आता अडलंय फोकसरवर, म्हणजे आयपीस (डोळा लावायचं भिंग) पुढेमागे सरकवणाऱ्या भागावर. मला क्रेफर्ड पद्धतीचा (दात्यांऐवजी शाफ्टच्या घर्षणाने नळी सरकवणारा) फोकसर हवाय, स्वतः केलेला. आयपीसची नळी सव्वा इंच म्हणजे 31.75 मिमी, त्यात कॅमेरा लावायचा तर M42 बाय 0.75 चे आटे हवेत (42 मिमी व्यास, पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर 0.75 मिमी). दोन वर्कशॉपात विचारलं, एक नगासाठी कुणी मशीन लावत नाही, त्यांचंही बरोबरच आहे.

मग गेल्या महिन्यात एकाकडून सेकंड हँड मिनी लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापायचं यंत्र) घेतलं. स्विंग (मावणाऱ्या तुकड्याचा मोठ्यात मोठा व्यास) 180 मिमी, दोन सेंटरमधलं अंतर 350 मिमी, लीड स्क्रू (टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंचातला आहे, 16 टीपीआय म्हणजे इंचाला 16 आटे. तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी बंद करून तिथे लोखंडी टेबलावर बसवलंय. पाच-सहा संध्याकाळी व्हिडिओ बघून अ‍ॅल्युमिनिअमवर प्रयोग केले. होतंय, पण फिनिश येत नाही, जॉबवर (कापायच्या तुकड्यावर) लाटा उठतात, आणि फेसिंग (टोकाची बाजू सपाट) केल्यावर मध्यभागी एक टोक शिल्लक राहतं. नळीला एका बाजूने सपाट पट्टा काढावा लागतो, त्यासाठी मिलिंग मशीन (फिरत्या कटरने सपाट कापणारं) लागेल असं वाटतं.
प्रश्न दोन. एक, हे घरी बसून शिकता येतं का, की कुणाच्या तरी हाताखाली जायलाच हवं? दोन, मिलिंग आत्ताच घेऊ का?

शून्यरेघ
अभिनंदन! मध्यभागी टोक राहतंय म्हणजे टूल (कापणारं हत्यार) सेंटरला, जॉबच्या मध्याच्या उंचीला नाही. आधी ते बघा, बाकीचं नंतर.

लोखंडीचणे
माझं स्पष्ट मत, मिलिंग आत्ताच घ्या. लेथवर गोल वस्तू होते, पण आपल्याला लागणाऱ्या निम्म्या वस्तू चौकोनी असतात. मी आधी लेथ घेतलं आणि वर्षभर प्रत्येक ब्रॅकेटसाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहिलो. छोटी मिल घेतल्यावर खरा सुटलो. फक्त एक, छोट्या मिलला एंडमिल (मिलचा कटर) ड्रिल चकमध्ये कधीच धरू नका, बाजूचा जोर त्याला सोसत नाही, टेपर सुटून चक हातात येतो. कोलेट (कटर चहूबाजूंनी घट्ट धरणारी नळी) घ्या. आणि हेड टेबलाला काटकोनात आहे का ते डायल गेज लावून गोल फिरवून बघा, पहिल्या दिवशी.

टर्नर_ताई
मी आयटीआय टर्नर, दोन वर्षांचा ट्रेड, मग चाकणला सात वर्षं, आता घरचं युनिट आहे. शून्यरेघ यांचं बरोबर आहे, टूल सेंटरला नाही. घरच्या घरी बघायची सोपी रीत सांगते. एक पातळ स्टील पट्टी घ्या, मशीन बंद असताना ती टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्या मध्ये हलकेच धरा. पट्टी उभी सरळ राहिली तर टूल सेंटरला. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, खाली पत्र्याच्या पट्ट्या घाला. वरचं टोक पलीकडे झुकलं तर टूल वर आहे. आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात हे दाखवलं होतं आणि अजूनही नवीन मुलगा आला की मी त्याच्या हातात आधी पट्टीच देते.

लाटा उठतात त्याची कारणं बरीच. टूल पोस्टमधून किती बाहेर काढलंय? जॉब चकमधून (त्याला धरून फिरवणाऱ्या पकडीतून) किती बाहेर? व्यासाच्या तिप्पटीहून जास्त बाहेर असेल तर टेलस्टॉकचा सेंटर (दुसऱ्या टोकाचा आधार) लावायचा. स्पीड कमी करा, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) थोडा वाढवा. बरेच नवखे उलट करतात, घाबरून फीड अगदी कमी देतात, मग टूल कापायच्या ऐवजी नुसतं घासत बसतं आणि मशीन कण्हायला लागतं.

दुर्बीणवाला
ताई, पट्टी लावून बघितली! वरचं टोक माझ्याकडे झुकलं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून तीन तुकडे खाली घातले, आता फेस आरशासारखा नाही पण टोक गेलं. खूप आभार. लाटांचं आज रात्री बघतो. (नऊनंतर मशीन चालवत नाही, खाली आजी राहतात.)

उद्यमनगर
कोल्हापुरातून लिहितोय. आमची तिसरी पिढी लेथवर, मी स्वतः 38 वर्षं. तुम्ही विचारलंय घरी शिकता येतं का. येतं. पण कुणाच्या शेजारी उभं राहून आठ दिवसांत जे कळतं त्याला एकट्याला वर्ष जातं. कारण यातलं निम्मं कानाने कळतं. कट बरोबर लागला की आवाज एकसारखा येतो, चुलीवर तेल तापून फोडणी बसावी तसा. टूलची धार गेली की आवाज कोरडा होतो, जॉब गरम लागायला लागतो. व्हिडिओत तो आवाज येतो हो, पण मागे गाणं लावलेलं असतं.

दुसरं, कार्बाइडच्या (फार कठीण, तयार मिळणाऱ्या) टिप्स तूर्त बाजूला ठेवा. मशीन छोटं आहे, कार्बाइडला जेवढा स्पीड आणि जोर लागतो तेवढा तुमच्या मशीनमध्ये नाही. दोन सुती चौकोनी एचएसएसचे, म्हणजे हाय स्पीड स्टीलचे, तुकडे घ्या (पाव इंची हो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), मिरांडाचे वगैरे सगळीकडे मिळतात, आणि ग्राइंडरवर टूल स्वतः बनवा. पहिली दहा टूल वाकडी होतील, होऊ द्या. पुढच्या आणि बाजूच्या अंगाला सहा ते आठ अंशांचा उतार, टोकाला अगदी बारीक गोलाई, आणि शेवटी तेलाच्या दगडावर दहा-बारा हात. टूल गरम झालं तर पाण्यात बुडवा, एचएसएसला चालतं. (कार्बाइड बुडवू नका, तडकतं.) ज्याला टूल बनवता येतं त्याला लेथ येतं, असं माझे वडील म्हणायचे आणि मला ते शंभर टक्के पटतं.

मिलिंग आत्ता घेऊ नका. तो सपाट पट्टा कानशीने होतो.

लोखंडीचणे
काका, कानशीने? 80 मिमी लांब पट्टा, त्यावर शाफ्ट फिरणार आणि फोकस पुढेमागे होणार, जरा उंचसखल झालं की चंद्र डोळ्यासमोर उडी मारेल!

उद्यमनगर
होतं की. आयटीआयला फिटरच्या पोरांना पहिले कित्येक आठवडे एक लोखंडी ठोकळा देतात आणि गुण्या लावून सहाही बाजू काटकोनात करायला लावतात. निळा रंग लावायचा, सपाट प्लेटवर घासायचं, जिथे निळं पुसलं तिथे कानस मारायची. सावकाश. आधी बास्टर्ड (भरड कानस), मग सेकंड कट, मग स्मूथ, कानशीला खडू चोळून घ्या म्हणजे अ‍ॅल्युमिनिअम दातात अडकत नाही.

कोकणकडा
रत्नागिरीहून. एक महत्त्वाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, गंज. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लेथचा बेड (खालचा लांब पाया) उघडा ठेवला तर दोन दिवसांत लाल. काम झालं की ब्रशने कीस झाडायचा, बेड पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि वर जाड सुती चादर, प्लास्टिक नको, प्लास्टिकखाली घाम धरतो. मी चादरीखाली एक छोटा पिवळा बल्ब लावून ठेवतो, कापडाला टेकणार नाही असा, पावसाळाभर. तेवढ्या उबेने दमट हवा बसत नाही. बंद बाल्कनीतही भिंत पाझरतेच, तेव्हा लक्ष ठेवा.

आटेपाटे
+1. पुण्यात सुद्धा यंदा माझ्या व्हाइसला गंज आला.

मृगनक्षत्र
विषयाला सोडून, पण दुर्बीणवाले, आरसा कुठे शिकलात घासायला? मीही पुण्यातच.

दुर्बीणवाला
ज्योतिर्विद्या परिसंस्थेतल्या मंडळींकडून. संस्था 1944 पासून आहे, आणि तिथे भेटणारी माणसं वेळ हातचा राखून बोलत नाहीत. खरं म्हणजे तिथेच मला कळलं की हाताने करायच्या गोष्टी कुणाच्या तरी बाजूला बसून शिकायच्या असतात, म्हणून इथे हा प्रश्न टाकला.

डर्बीकर
मी इंग्लंडमध्ये डर्बीला आहे, गेली अकरा वर्षं. इथे हा छंद फार जुना. माझ्याकडे मायफोर्ड एमएल-7 आहे, हे मॉडेल 1946 साली आलं, नॉटिंगहॅमजवळ बीस्टनला बनायचं, आणि माझं मशीन माझ्यापेक्षा बऱ्याच वर्षांनी मोठं आहे. इथल्या क्लबात निवृत्त लोक छोटी वाफेची इंजिनं बनवतात, खरी कोळशावर चालणारी, रविवारी बागेत रूळ टाकून लहान मुलांना त्यावर बसवून फिरवतात. मला लेथ शिकवलं ते अशाच एका 81 वर्षांच्या गृहस्थांनी. पहिले तीन शनिवार त्यांनी मला मशीन चालू करूच दिलं नाही. नुसतं गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) सैल-घट्ट करून स्लाइड हाताने फिरवायला लावली, जोपर्यंत हाताला प्ले (ढिलेपणा) कळत नाही तोपर्यंत.

तेव्हा मी उद्यमनगर काकांच्या बाजूने. आणि आपल्याकडे ही परंपरा नाही असं कुणी म्हणू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर, निवडुंगाच्या रानात कारखाना उभा केला. पुढे 1941 पासून कर्नाटकात हरिहरला मैसूर किर्लोस्करची लेथ बनायला लागली. एचएमटी त्यानंतरची, 1953 ची. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या किती शेडमध्ये ती जुनी हरिहरची मशीनं अजून रोज कीस पाडतायत.

उद्यमनगर
आमच्याकडे एक आहे. वडिलांनी घेतलेलं, सहा फुटी. बेडवर हात फिरवला तर हेडस्टॉकजवळ (चकच्या बाजूला) झिजलेला खड्डा बोटाला लागतो, कारण सगळं काम तिथेच होतं. तरी त्या मशीनवर पाच शतांश मिमीत जॉब देतो आम्ही, मशीन कुठे किती खोटं बोलतं ते पाठ आहे म्हणून.

चक्रधर
मग दुर्बीणवाल्यांनी असंच जुनं मोठं मशीन घ्यायला हवं होतं ना? राजकोटचं नाहीतर बटाल्याचं साडेचार फुटी सेकंड हँड. वजन असलं की लाटा उठत नाहीत.

शून्यरेघ
तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत? चक्रधर, स्लॅबचा विचार करा.
शिवाय वीज. जुन्या मशीनला थ्री फेज मोटर असते. घरी सिंगल फेज. व्हीएफडी (सिंगल फेजची थ्री फेज करून देणारं उपकरण) लावून चालतं, मी चालवतो, पण सिंगल फेजवरची व्हीएफडी 230 व्होल्टची थ्री फेज देते आणि आपल्याकडच्या छोट्या मोटर 415 ला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. डेल्टात बदलून घ्याव्या लागतात, आणि कधीकधी तीनच वायर बाहेर काढलेल्या असतात, मग वाइंडिंगवाल्याकडून आतला स्टारचा जोड उघडून सहा वायर काढून घ्यायच्या. स्वतः करू नका.

टर्नर_ताई
आता मला एक गोष्ट कळकळीने सांगायचीय, कृपया सगळ्यांनी वाचा. हातमोजे घालून लेथ चालवायचं नाही. कधीच नाही. माझ्या आधीच्या एका ठिकाणी एका मुलाने थंडीत लोकरी हातमोजे घालून फिरत्या जॉबवर पॉलिश पेपर धरला. मी चार मशीन सोडून उभी होते. मोज्याचा एक धागा अडकला आणि पुढचं मी लिहीत नाही, त्याचं एक बोट गेलं. कडं, अंगठी, घड्याळ, ओढणी, लांब बाही, मोकळे केस, काही नको. कीस हाताने ओढायचा नाही, तो ब्लेडसारखा असतो, आकड्याने काढायचा, मशीन थांबवून. चष्मा लावायचा. आणि चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही. चावीला हात आहे तोपर्यंत ती चकमध्ये, हात काढला की चावी बाहेर. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. घरी शेजारी थांबवणारं कुणी नसतं, म्हणून सांगतेय. मशीन छोटं म्हणजे धोका छोटा असं नाही.

दुर्बीणवाला
ताई, वाचून अंगावर काटा आला. मी हातमोजे घालत होतो. आजपासून बंद. चकची चावी ठेवायला भिंतीवर हूक लावलाय आणि ती हुकावर दिसल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

आटेपाटे
स्पीडचा हिशोब कुणी दिला नाही म्हणून देतो. एचएसएस टूल आणि माइल्ड स्टील असेल तर 8000 भागिले व्यास (मिमीत). 25 मिमीचा रॉड, 320 आरपीएम. अ‍ॅल्युमिनिअमला त्याच्या अडीचपट बिनधास्त, म्हणजे 50 मिमीला 400 च्या आसपास. पितळ कोरडंच कापा, अ‍ॅल्युमिनिअमला थोडं रॉकेल, नाहीतर टूलच्या टोकावर चिकटून बसतं आणि मग फिनिश फाटतं. तुमच्या लाटांत थोडा भाग याचाही असेल.

आणि क्रॉस स्लाइडच्या डायलवर काय लिहिलंय ते तपासा. काही मशीनवर 0.1 फिरवलं की टूल 0.1 आत जातं, म्हणजे व्यास 0.2 ने कमी होतो. काहींवर थेट व्यासाचा आकडा असतो.

दुर्बीणवाला
हे मला परवा कळलं, 31.8 चं बोअर 32.1 झाल्यावर. तुकडा वाया गेला. आता प्रत्येक कटनंतर मशीन थांबवून व्हर्निअर लावतो आणि शेवटचे दोन कट आयपीसच घालून बघतो.

पण आता मोठा प्रश्न. M42 बाय 0.75 चे आटे. लीड स्क्रू 16 टीपीआय, इंचाचा. सगळीकडे लिहिलंय 127 दातांचा गिअर लागतो, माझ्या मशीनच्या डब्यात तो मावतच नाही. काय करू?

डर्बीकर
127 का, ते आधी. इंच म्हणजे 25.4 मिमी, 25.4 गुणिले 5 म्हणजे 127, आणि 127 ही मूळ संख्या, तिचे तुकडे पडत नाहीत. म्हणून अचूक रूपांतराला तेवढे दात लागतातच. पण जवळपासचं चालत असेल तर 63 चा गिअर घ्या. 80 भागिले 63 म्हणजे 1.2698, आपल्याला हवं 1.27.

तुमच्यासाठी: 30 वरून 80, त्या 80 च्याच शाफ्टवर 63, आणि 63 ने लीड स्क्रूवरचा 50 फिरवायचा. गुणाकार 0.4725. लीड स्क्रूचा पिच 25.4 भागिले 16 म्हणजे 1.5875, म्हणून आट्यांचा पिच 0.75009 येतो. आठ हजारांत एकाची चूक. तुमचे आटे चार मिमी लांब असतील तर एकूण फरक अर्धा मायक्रॉन, कॅमेऱ्याला कळणारही नाही. 30, 80, 50 तुमच्या पेटीत असतील, फक्त 63 घ्यावा लागेल, मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) 1 चा.

उद्यमनगर
वा, डर्बीकर. एकदम बरोबर.
पुढचं मी सांगतो. मिमीचे आटे इंचाच्या स्क्रूवर पाडताना हाफ नट (टूलची गाडी लीड स्क्रूला जोडणारा) उघडायचा नाही. कट झाला की टूल मागे घ्या, मशीन उलटं फिरवून परत सुरुवातीला आणा, टूल पुन्हा आत. नट उघडलात की पुढचा कट दुसऱ्याच जागी बसतो आणि आटे कापले जातात. आणि तुमच्यासारख्या छोट्या मशीनवर शोल्डरपर्यंत (जिथे व्यास एकदम वाढतो त्या कडेपर्यंत) आटे पाडायचे तर मोटरने नको, स्पिंडलच्या मागच्या भोकात एक हँडल बसवा आणि हाताने फिरवा. प्लग काढून ठेवा तेव्हा. हाताने फिरवल्यावर शेवटचा अर्धा फेरा तुमच्या ताब्यात राहतो, टूल शोल्डरवर आदळत नाही.

लोखंडीचणे
हे हँडलचं मला माहीत नव्हतं. करून बघतो.

मृगनक्षत्र
मला लेथमधलं काही कळत नाही पण हा धागा मी चार दिवस रोज उघडतेय.

दुर्बीणवाला
(सात आठवड्यांनी)
उशिरा लिहितोय, पण काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

मधल्या काळात दोनदा कोल्हापूरला जाऊन आलो. उद्यमनगर काकांनी व्यक्तिगत निरोप पाठवून बोलावलं, मी ओळख ना पाळख तरी गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला ग्राइंडरपाशी उभं केलं आणि एचएसएसचा तुकडा हातात दिला. सहा तास. संध्याकाळी माझं बाराव्या नंबरचं टूल त्यांनी त्या जुन्या हरिहरच्या मशीनवर लावलं, माइल्ड स्टीलच्या रॉडवर कट घेतला आणि निळसर तपकिरी कीस एकसंध लांब सुटत खाली आला, आवाज खरंच एकसारखा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून मान हलवली. मग म्हणाले, आता डोळे मिटा आणि सांगा कट संपला कधी. मी बरोबर सांगितलं. तो क्षण मी विसरणार नाही. काकूंनी रात्री जेवायला वाढताना विचारलं, कानाला लागला का आवाज, म्हणजे घरातल्या सगळ्यांना ही परीक्षा माहीत आहे.

घरी आल्यावर 63 चा गिअर बसवला. आटे हाताने फिरवून पाडले, एकूण 14 कट, शेवटचे तीन अगदी बारीक. कॅमेऱ्याचा अ‍ॅडॅप्टर घातला आणि तो दोन बोटांनी शेवटपर्यंत फिरत गेला.

सपाट पट्टा कानशीनेच केला. चार संध्याकाळी लागल्या. निळं लावून, काचेवर घासून, कानशीला खडू चोळून. तिसऱ्या दिवशी एका टोकाला उतार दिसला, तेव्हा परत सगळं निळं केलं. मिलिंग मशीन तूर्त घेतलं नाही.

काल रात्री आकाश मोकळं होतं. फोकसर घट्ट बसलाय, नॉब फिरवला की नळी सरकते, सोडली की तिथेच राहते. चंद्राच्या कडेवरची विवरं धारदार होऊन थांबली, उडी नाही मारली, लोखंडीचणे.

लोखंडीचणे
मागे घेतो माझे शब्द! मनापासून अभिनंदन. फोटो टाका.

टर्नर_ताई
फार आनंद झाला वाचून. आट्यांचा जवळून फोटो टाका, मला टोकं बघायचीत.

उद्यमनगर
पट्टा मी बघितलाय, त्यांनी दाखवायला आणला होता. गुण्याखालून उजेड येत नाही.
आता पुढच्या वेळी येताना बारा मिमीचा पितळी रॉड घेऊन या, नर्लिंग (पकडीसाठी खरबरीत नक्षी) शिकवतो. नॉब तुम्ही बाजारातला लावलाय, तो बदलू.

दुर्बीणवाला
येतो काका. रॉड किती लांब आणू?

उद्यमनगर
एक फूट. चकमध्ये धरायला सोडून चार नॉब निघतील, पहिले दोन शिकण्यातले.